वीस मिनिटांत शेंगदाणा नूडल्स: सगळी मदार पाण्यावर

कामावरून यायला उशीर झालेला असतो, ताजी भाजी घरात नसते आणि तरीही काहीतरी गरम, पोटभरीचे आणि चवीचे खावेसे वाटते. अशा संध्याकाळी फडताळातल्या सहा-सात जिन्नसांवर निभावून नेणारा पदार्थ म्हणजे शेंगदाण्याच्या सॉसमधल्या नूडल्स. साहित्य साधे आहे, कृतीही वीस मिनिटांची आहे. पण पुष्कळांच्या हातून या नूडल्सचा गोळा होतो किंवा त्या तेलकट होऊन वाटीच्या तळाशी तेल साचते, आणि मग दोष शेंगदाण्यावर येतो. माझ्या अनुभवात चूक बहुतेक वेळा पाण्यात झालेली असते. पाणी किती घातले, ते किती गरम होते आणि कोणत्या टप्प्यावर घातले, यावर हा सॉस जमतो किंवा फसतो. म्हणून पुढच्या कृतीत इतर गोष्टी मी थोडक्यात सांगितल्या आहेत आणि पाण्यापाशी जरा जास्त थांबले आहे.

काय काय लागेल

दोन माणसांसाठी २०० ग्रॅम कोरड्या नूडल्स घ्याव्यात. गव्हाच्या नूडल्स सर्वांत सोयीच्या. त्या नसतील तर स्पॅगेटी निःशंकपणे वापरावी, कारण हा सॉस तिच्या गुळगुळीत दोऱ्यांवरही छान बसतो. सॉससाठी चार मोठे चमचे पीनट बटर (साधारण ६५ ग्रॅम), दोन मोठे चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, दोन छोटे चमचे साखर किंवा मध, लसणाच्या दोन पाकळ्या आणि अर्धा ते एक छोटा चमचा लाल तिखट लागेल. भाजलेल्या तिळाचे तेल घरात असेल तर एक छोटा चमचा घ्यावे. नसेल तर त्याच्यासाठी बाहेर जाण्याची गरज नाही. मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटरचा आणि छोटा म्हणजे ५ मिलिलिटरचा, असे हे माप आहे.

पीनट बटरच्या बरणीवरचे साहित्य एकदा वाचून घ्यावे. ज्यात फक्त शेंगदाणे आणि मीठ असते, त्याचे तेल वर तरंगते आणि खाली घट्ट थर बसतो. हे तेल ओतून टाकू नये. चमचा तळापर्यंत घालून सगळे एकजीव करावे, नाहीतर पहिल्या दिवशी सॉस तेलकट होतो आणि बरणी संपत आल्यावर तोच सॉस भरभरीत लागतो. ज्या पीनट बटरमध्ये घट्ट राहणारी वनस्पतिजन्य चरबी मिसळलेली असते, ते असे फुटत नाही, पण त्यात बहुधा साखरही असते. तसे असेल तर वर सांगितलेली साखर आधी घालू नये आणि शेवटी चव पाहून ठरवावे. मीठ वेगळे घालायचे नाही. साध्या सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमहून अधिक मीठ असते आणि ते या प्रमाणाला पुरेसे होते.

पीनट बटर नसेल तर

घरात नुसते शेंगदाणे असतील तरी काम अडत नाही, फक्त पंधरा-वीस मिनिटे जास्त लागतात. मिक्सरच्या लहान भांड्यात पाती बुडतील इतके, म्हणजे साधारण १५० ग्रॅम शेंगदाणे घ्यावेत. जाड बुडाच्या कढईत मंद ते मध्यम आचेवर ते सतत हलवत आठ ते दहा मिनिटे भाजावेत. सालांवर तपकिरी ठिपके दिसू लागले, साल बोटांनी चुरगळल्यावर सहज सुटू लागली आणि खमंग वास आला की दाणे लगेच ताटात पसरावेत. कढईत राहू दिले तर तिच्या उष्णतेने ते भाजतच राहतात आणि कडवट होतात. कच्च्या दाण्याचा सॉस मात्र करू नये, कारण आपण ज्याला शेंगदाण्याचा स्वाद म्हणतो तो बराचसा भाजतानाच तयार होतो.

दाणे कोमट असतानाच साले पाखडून मिक्सरमध्ये घालावेत. आधी भरड होते, मग बारीक कूट होते आणि ते भांड्याच्या कडांना चिकटून बसते. त्यानंतर त्याचा ओलसर गोळा होऊन पात्यांभोवती फिरू लागतो. इथे बरेच जण धीर सोडून पाणी घालतात. तसे करू नये. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेलच असते आणि ते अजून सुटायचे असते. मिक्सर थांबवून कडा खरवडाव्यात, भांडे फार तापले असेल तर दोन मिनिटे थांबावे आणि पुन्हा फिरवावे. अशा चार-पाच फेऱ्यांनंतर गोळा अचानक सैल पडतो, त्याला चकाकी येते आणि तो वाहू लागतो. मिक्सर फारच लहान असेल आणि मिश्रण सैल होतच नसेल, तर एक छोटा चमचा तेल घालण्यास हरकत नाही.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. बुरशी आलेले, काळपट पडलेले किंवा सुरकुतलेले दाणे भाजून वापरू नयेत. शेंगदाण्यावरच्या काही बुरशींमुळे अफ्लाटॉक्सिन नावाचे यकृताला घातक असे विष तयार होते आणि घरच्या भाजण्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. खवट वास येणारे दाणेही टाकूनच द्यावेत. खवटपणा तिखटाने झाकला जात नाही.

नूडल्स शिजवताना

पातेल्यात दीड लिटर पाणी उकळत ठेवावे. एरवी नूडल्ससाठी भरपूर पाणी घ्यावे असे सांगितले जाते. इथे ते मुद्दाम कमी घ्यायचे आहे, म्हणजे नूडल्समधून सुटणारा स्टार्च थोड्या पाण्यात उतरतो आणि ते पाणी ढगाळ, किंचित दाटसर होते. हेच पाणी पुढे सॉसमध्ये जाणार आहे. सोया सॉस खारट असल्यामुळे या पाण्यात मीठ घालू नये, किंवा अगदी चिमूटभर घालावे.

पाण्याला खळखळून उकळी आली की नूडल्स सोडाव्यात आणि पहिल्या मिनिटात काट्याने किंवा चिमट्याने दोन-तीनदा मोकळ्या कराव्यात, कारण त्या एकमेकींना चिकटतात त्या याच वेळी. गव्हाच्या बारीक नूडल्स तीन-चार मिनिटांत शिजतात, स्पॅगेटीला आठ ते दहा मिनिटे लागतात. पाकिटावरच्या वेळेच्या एक मिनिट आधी एक दोरा चावून पाहावा. मधोमध अगदी किंचित कणी लागत असतानाच उतरवाव्यात, कारण गरम सॉसमध्ये त्या आणखी मऊ होतात.

रोळीत ओतण्यापूर्वी एक मोठा कप पाणी काढून बाजूला ठेवावे. ही पायरी विसरली जाते, आणि रोळीतून पाणी वाहून गेले की ते परत मिळत नाही. म्हणून मी नूडल्स पाण्यात सोडतानाच रिकामा कप रोळीत ठेवते, म्हणजे रोळी उचलताना आठवण होतेच. नूडल्स गरम खायच्या असतील तर त्यांवर गार पाणी ओतू नये, कारण पृष्ठभागावरचा स्टार्च धुतला गेला की सॉस घसरून जातो. तांदळाच्या नूडल्सची गोष्ट वेगळी आहे. त्या पाकिटावर सांगितल्याप्रमाणे गरम पाण्यात भिजवाव्यात आणि गार पाण्याने धुवाव्यात, नाहीतर त्यांचा लगदा होतो. त्यांच्या किंवा तळलेल्या झटपट नूडल्सच्या पाण्याऐवजी सॉससाठी साधे उकळते पाणी घ्यावे.

सॉस: इथे घाई करू नये

नूडल्स शिजत असताना एका मोठ्या, खोलगट भांड्यात लसूण किसून घ्यावा. त्यावर तिखट आणि साखर घालून पातेल्यातले दोन मोठे चमचे उकळते पाणी ओतावे आणि एक मिनिट तसेच राहू द्यावे. लसूण चिरडल्यावर त्यातला उग्र घटक तयार होऊ लागतो. उकळत्या पाण्याने ही क्रिया मंदावते आणि कच्च्या लसणाचा जिभेला झोंबणारा तिखटपणा उतरून नुसता स्वाद राहतो. या एका मिनिटामुळे लसूण वेगळा परतण्याचा खटाटोप वाचतो.

आता पीनट बटर आणि सोया सॉस घालून काट्याने फेटायला सुरुवात करावी. काही क्षणांतच मिश्रण सैल होण्याऐवजी घट्ट होईल. त्याचा रंग फिका पडेल, ते ओल्या मातीसारखे काट्याला धरून राहील आणि भांड्याच्या कडेला ओरखडे उमटतील. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला सॉस बिघडला असेच वाटते. मीही पहिल्या खेपेला असे मिश्रण टाकून दिले होते आणि दुसऱ्यांदा त्यात तेल ओतून ते आणखी खराब केले होते. प्रत्यक्षात काहीही बिघडलेले नसते. पीनट बटर म्हणजे तेलात बुडालेले शेंगदाण्याचे अतिसूक्ष्म कण. त्यात थोडेसे पाणी गेले की ते कण पाणी शोषतात, फुगतात आणि एकमेकांना चिकटतात, म्हणून मिश्रण आवळून येते. आणखी पाणी मिळाले की चित्र उलटते: पाणी सगळीकडे पसरते, तेलाचे बारीक थेंब त्यात विखुरतात आणि शेंगदाण्यातली प्रथिने व नूडल्सचा स्टार्च त्यांना पुन्हा एकत्र येऊ देत नाहीत. म्हणजे घट्ट झालेल्या सॉसवर उपाय पाणी हाच आहे, तेल नव्हे.

हे पाणी गरम असावे आणि एका वेळी एकच मोठा चमचा घालावे. प्रत्येक चमचा पूर्ण जिरेपर्यंत फेटावे आणि मगच पुढचा घालावा. एकदम ओतले तर गुठळ्या राहतात आणि त्या मोडता मोडत नाहीत. साधारण तिसऱ्या चमच्याला गोळा सुटतो, चौथ्याला तो मलईसारखा होतो, आणि पाचव्या-सहाव्या चमच्याला काटा वर उचलल्यावर सलग, चकचकीत धार पडू लागते. पीनट बटर किती घट्ट आहे त्यावर एखादा चमचा इकडेतिकडे होईल, तेव्हा संख्येपेक्षा धारेकडे लक्ष द्यावे. वाढताना जेवढा दाट हवा त्याहून सॉस या वेळी थोडा पातळच ठेवावा, कारण नूडल्स पाणी ओढून घेतात आणि निवताना सॉस आणखी आळतो.

शेवटी व्हिनेगर किंवा लिंबाचा रस आणि तिळाचे तेल घालावे. दोन्हींचा सुगंध उष्णतेने उडून जातो, म्हणून ते अखेरीस. आता चव घ्यावी. सॉस जड आणि सपाट वाटला तर आंबटपणा कमी आहे. आंबट आणि टोकदार वाटला तर अर्धा चमचा साखर हवी. नुसत्या सॉसची चव किंचित जास्त तीव्र लागली पाहिजे, कारण ती २०० ग्रॅम फिक्या नूडल्सवर पसरायची आहे.

एकत्र करणे

निथळलेल्या वाफाळत्या नूडल्स थेट सॉसच्या भांड्यात घालाव्यात आणि चिमट्याने खालून वर उचलत अर्धा मिनिट घोळवाव्यात. भांडे गॅसवर ठेवू नये. हा सॉस उकळवला तर पाणी आटते, तेल सुटते आणि तळ धरतो; नूडल्सची स्वतःची उष्णता पुरेशी असते. सॉस प्रत्येक दोऱ्यावर बसला पाहिजे आणि तळाशी थोडासा मोकळा राहिला पाहिजे. नूडल्स चिकट वाटल्या तर राखून ठेवलेल्या पाण्यातले एक-दोन चमचे घालून पुन्हा घोळवाव्यात. तेल फुटून वेगळे दिसू लागले तरी उपाय तोच: चमचाभर गरम पाणी आणि जोरात ढवळणे.

भाज्या घालायच्या असतील तर वेगळे भांडे काढू नये. गाजराचे बारीक तुकडे, गोठवलेले मटार किंवा चिरलेला कोबी शेवटच्या दोन मिनिटांत नूडल्सच्याच पाण्यात टाकावा. काकडी आणि कांद्याची पात कच्चीच बरी. वरून भरड कुटलेले शेंगदाणे मात्र जरूर घालावेत, कारण या मऊ पदार्थाला कुरकुरीतपणा तेवढ्यानेच येतो.

पाहुण्यांना वाढण्यापूर्वी यात शेंगदाणे, सोयाबीन, गहू आणि तीळ आहेत हे स्पष्ट सांगावे. शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते, आणि सॉसमध्ये मिसळून गेलेला शेंगदाणा पाहून ओळखता येत नाही.

उरले तर

उरलेल्या नूडल्स दोन तासांच्या आत झाकून फ्रिजमध्ये ठेवाव्यात आणि दोन दिवसांत संपवाव्यात. दुसऱ्या दिवशी त्यांची घट्ट वडी झालेली दिसेल. ती तशीच गरम केली तर बाहेरून तेल सुटते आणि आतून गार राहते. त्याऐवजी दोन मोठे चमचे पाणी शिंपडावे, झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन मिनिटे वाफ आणावी, दोरे हलक्या हाताने सोडवावेत आणि पूर्ण वाफाळल्यावर, सॉसला पुन्हा चकाकी आली की उतरवावे.