पॅकेजातच बग असेल तेव्हा: महापेतल्या एका लिनक्स अॅडमिनचा अनुभव

नवी मुंबईच्या ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात सिस्टीम अॅडमिन म्हणून नवीन लागलेली मुलं अपडेटनंतर सर्व्हिस पडली की आधी स्वतःची कॉन्फिग फाइल उसवत बसतात. पण बग पॅकेजातही, म्हणजे तयार मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यातही असतो, आणि मोठमोठ्यांच्या पॅकेजात असतो. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाची १२.३ आवृत्ती ऐन वेळी थांबवावी लागली, कारण त्यातल्या ६.१.६४ कर्नलमुळे (सिस्टीमचा गाभा) ईएक्सटी४ या फाइल सिस्टीमवरचा डेटा खराब होऊ शकत होता. पॅकेज मिररवर, म्हणजे डाउनलोडच्या सर्व्हरवर, आधीच पोचलं होतं. ज्यांच्याकडे आपोआप अपडेट चालू होतं, त्यांनी काय करायचं? ग्रबमधून (मशीन सुरू होताना येणारा बूट मेनू) जुन्या कर्नलवर बूट करायचं आणि १२.४ येईपर्यंत थांबायचं. म्हणून सांगतो, डिस्कवर जागा कमी पडली तरी जुना कर्नल लगेच पुसू नका.

आमची चेंज विंडो, म्हणजे सर्व्हरवर बदल करायची ठरलेली वेळ, शनिवारी मध्यरात्रीची. शेवटची ठाणे लोकल गेलेली असते, त्यामुळे घाई कसली? अपडेटनंतर काही बिघडलं, तर आधी एपीटीचा (डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन) हिस्टरी लॉग उघडा. कुठलं पॅकेज कुठल्या आवृत्तीवरून कुठे गेलं, ते वेळेसकट तिथे असतं. मग जर्नलसीटीएल, म्हणजे सिस्टीमचे लॉग दाखवणारी कमांड. मग 'एपीटी पॉलिसी' चालवून पॅकेज कुठल्या रेपोतून (पॅकेजांच्या साठ्यातून) आलं ते बघा. एखाद्या व्हेंडरच्या रेपोतलं निघालं तर डेबियनकडे तक्रार करून उपयोग नाही.

डेबियनचंच असेल तर आधी जुने रिपोर्ट चाळा. तिथे तो बग नसेल, तर 'रिपोर्टबग' ही कमांड आवृत्ती आणि डिपेंडन्सी स्वतःच भरतं. खातं काढावं लागत नाही, सगळं मेलवर चालतं. मात्र तो रिपोर्ट तुमच्या ईमेल पत्त्यासकट जगाला दिसतो. क्लायंट बँक असेल तर लॉगमधले आयपी आणि होस्टनेम काढल्याशिवाय काहीही पाठवू नका. मी क्लायंटच्या सर्व्हरवरून कधीच पाठवत नाही. व्हीएमवर (व्हर्च्युअल मशीन) तोच बग पुन्हा घडवतो आणि तिथून पाठवतो. मेंटेनरला, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्याला, हवं असतं तेही हेच: काय केलं की हमखास बिघडतं.

क्लायंट बोंबलतोय म्हणून रिपोर्टला 'क्रिटिकल' ही सर्वात गंभीर पातळी लावू नका. संपूर्ण सिस्टीम कोलमडणं, गंभीर डेटा लॉस, सुरक्षेचं भगदाड, अशांसाठी ते आहे. आणि सुरक्षेचा संशय असेल तर उघड रिपोर्ट टाकायचाच नाही, सिक्युरिटी टीमला खासगीत मेल करायचा. एसएसएच (दुरून सर्व्हरवर शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, याचा माग काढत आंद्रेस फ्रॉइंड हे डेव्हलपर २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन पॅकेजात लपवलेल्या बॅकडोरपर्यंत (चोरवाटेपर्यंत) पोचले, तेव्हा त्यांनीही आधी खासगीतच कळवलं होतं.

तोवर क्लायंटचं काम चालू ठेवायचं असतं. 'एपीटी-मार्क होल्ड' लावून पॅकेज आहे त्या आवृत्तीवर रोखणं सोपं आहे, पण त्या पॅकेजचे सिक्युरिटी अपडेटही अडतात, म्हणून ते मला फारसं आवडत नाही. सर्व्हिस युनिटमध्ये (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) गडबड असेल तर मूळ फाइलला हात लावू नका, पुढचं अपडेट ती पुसून टाकेल. 'सिस्टीमसीटीएल एडिट' वापरा, ते बदल वेगळ्या ओव्हरराइड फाइलमध्ये ठेवतं, आणि त्या ओव्हरराइड फाइलच्या पहिल्याच ओळीत कॉमेंट म्हणून बग नंबर लिहा. हँडओव्हर शीटवरही तोच नंबर. नाहीतर दोन वर्षांनी ही ओळ कशासाठी आहे हे कोणालाच माहीत नसतं आणि काढायची हिंमतही होत नाही.

रिपोर्ट टाकल्यावर ती व्हीएम पुसू नका. काही आठवड्यांनी मेंटेनर विचारतो, 'नव्या आवृत्तीतही होतं का?' बरेच रिपोर्ट याच प्रश्नाला उत्तर न मिळाल्यानं पडून राहतात.