एजंटला हैदराबाद दिसेना

चतुर्थीला आठ दिवस उरलेले. पर्वरीच्या आमच्या ऑफिसात निम्मी माणसं माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या छताच्या) सामानाच्या गप्पांत, आणि आमचा एआय एजंट (टूल वापरून स्वतः कामं करणारा प्रोग्रॅम) छातीठोकपणे सांगतोय, "एकूण ११ सर्व्हर." बिल मात्र १७ चं.

तो वापरतो ते टूल आमचंच, एडब्ल्यूएसवर (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर) भाड्याने घेतलेल्या ईसी२ सर्व्हरची यादी आणणारं. कोड दोनदा तपासला, ठीक होता. मग टूलचं वर्णन उघडलं, जे वाचून एजंट ते कसं वापरायचं हे ठरवतो : 'सर्व्हरची यादी देते.' बस्स. लिहिणारा मीच! माणसाला तेवढं पुरतं, अडलं तर तो शेजारच्याला विचारतो. एजंट कुणाला विचारणार?

ही यादी रीजनवार, म्हणजे सर्व्हर ज्या भागात आहेत त्यानुसार, मिळते. रीजन दिला नाही की आमचं टूल गुपचूप मुंबईच बघायचं. उरलेले सहा हैदराबादला होते.

वर्णन नव्याने लिहिलं : 'एका वेळी एकाच रीजनचे सर्व्हर देते. "एकूण किती" विचारलं तर वापरात असलेल्या प्रत्येक रीजनसाठी हे टूल वेगळं बोलाव. उत्तरात नेक्स्टटोकन (पुढच्या पानाची खूण) आला तर यादी अपुरी आहे, पुढचं पान माग. टर्मिनेटेड (कायमचे काढून टाकलेले) मोजू नकोस. स्टॉप्ड (नुसते थांबवलेले) मोज, त्यांच्या ईबीएस डिस्कचं भाडं चालूच असतं.'

रीजन सक्तीचा केला. चुकीचा दिला तर नुसतं 'एरर' न म्हणता चालणारी नावं परत द्यायची, हेही घातलं. खरा फरक यानेच पडला. एजंट स्वतःच चूक सुधारून पुन्हा विचारू लागला.

आता तो १७ सांगतो. त्यातले दोन कुणी चालू केले, हे मात्र ऑफिसात अजून कुणी कबूल करत नाही.