अगदी लहान टॉय कुत्रीला पिल्लं होऊ द्यावीत का? ठरवताना या चुका टाळा

पावणेदोन किलोची चिवावा किंवा यॉर्की मादी माजावर आली की घरात दोन मतं पडतात. एक म्हणतो, एकदा तरी वीण होऊ द्या, तब्येतीला चांगली असते. दुसरा म्हणतो, एवढ्याशा जिवाला कसं झेपेल? दुसऱ्याचं ऐका. तब्येतीसाठी मादी एकदा तरी व्यायलाच हवी, याला वैद्यकीय आधार नाही. हा निर्णय माज सुरू झाल्यावर घाईत घ्यायचाही नसतो. लागणाऱ्या तपासण्यांना वेळ जातो आणि माज तीनेक आठवड्यांत आटोपतो.

चूक: काट्यावरच्या आकड्यावर निर्णय सोडणं

आमची ठाम भूमिका अशी: पूर्ण वाढ झालेल्या मादीचं वजन २ किलोच्या आत असेल तर तिला पिल्लं होऊ देऊ नयेत. २ ते २.५ किलोच्या मादीबाबत पशुवैद्याने हाताने आणि एक्स-रेने तपासून होकार दिल्याशिवाय पुढे जाऊ नये. कुत्र्याच्या अंगात दर किलोमागे साधारण ८५ मिली रक्त असतं. म्हणजे दीड किलोच्या मादीच्या अंगात सगळं मिळून १३० मिलीच्या आसपास, चहाचा लहान कप भरेल एवढंच. सिझेरियनमध्ये त्यातलं ३० मिली गेलं, तरी जवळपास पाव हिस्सा गेला. मोठ्या कुत्रीला जे जाणवणारही नाही, ते हिच्या जिवावर बेततं. शिवाय एवढं लहान शरीर भूल दिल्यावर लगेच गार पडतं आणि रक्तातली साखर झपाट्याने खाली येते.

पण २.७ किलो भरलं म्हणजे मार्ग मोकळा झाला, असंही नाही. खायला घालून चढवलेलं वजन धरायचंच नसतं. चरबी वाढली म्हणून कटीची, म्हणजे पिल्लू ज्यातून बाहेर येतं ती ओटीपोटाभोवतीची हाडं रुंद होत नाहीत. उलट चरबीने प्रसूतीची वाट अरुंद होते आणि कळांचा जोर कमी पडतो. बरगड्या हाताला सहज लागत असताना जे वजन भरतं, तेच खरं. ती कधी उंचावरून पडून कटीचं हाड मोडलं असेल, तर वजन कितीही असो, विषय तिथेच संपला.

चूक: "नर बारका आहे, मग पिल्लंही बारकीच होतील"

पुष्कळ माद्या याच समजुतीपायी अडतात. पिल्लाचा आकार आईबापांपुरता ठरत नाही, मागच्या दोन-तीन पिढ्या त्यात उतरतात. तुमची मादी १.८ किलोवर थांबली, पण तिची सख्खी भावंडं साडेतीन किलोची झाली असतील, तर ती लहान चणीच्या घराण्यातली नाही, मोठ्या चणीच्या घराण्यातलं खुरटलेलं पिल्लू आहे. तिच्या पोटात भावंडांच्या मापाची पिल्लं वाढू शकतात आणि बाहेर यायची वाट मात्र तिच्या मापाची. प्रजननासाठी सर्वात धोक्याची मादी हीच. "टीकप" म्हणून विकली जाणारी पिल्लं अनेकदा अशीच असतात. टीकप ही कोणतीही मान्यताप्राप्त जात नाही.

म्हणून वंशावळीच्या कागदापेक्षा चार प्रश्नांची उत्तरं मोलाची. आई आणि आजी आपसूक व्याल्या की सिझेरियन करावं लागलं? एका वेताला किती पिल्लं? जन्मताना त्यांचं वजन किती होतं? भावंडं वाढून किती किलोची झाली? ज्याच्याकडून मादी आणली त्याला हे सांगता येत नसेल, तर पुढे न जाण्याला तेवढं कारण पुरेसं आहे.

यात पिल्लांच्या संख्येचाही घोळ असतो. टॉय जातींत वेताला बहुधा एक ते तीन पिल्लं होतात. एकटंच पिल्लू असलं की सगळी जागा आणि सगळं पोषण त्याच्या वाट्याला येतं, ते मोठं होतं. प्रसूती सुरू होण्याचा संप्रेरकांचा इशारा गर्भाकडूनच येतो आणि एकट्या पिल्लाचा इशारा पुष्कळदा अपुरा पडतो. कळा येतच नाहीत, दिवस उलटतात आणि पिल्लू पोटातच दगावतं. चिवावासारख्या जातीचं घुमटाकार डोकं या अडचणीत भर घालतं.

चूक: पहिल्याच माजात मेटिंग

पहिला माज ६ ते १० महिन्यांत येतो. तेव्हा मादी स्वतःच वाढत असते आणि आनुवंशिक दोष पुरते दिसलेले नसतात. दीड वर्षाच्या आत नको. पहिलं वेत पाच वर्षांनंतरही नको.

चूक: लसी झाल्या म्हणजे तपासणी झाली असं समजणं

गुडघ्याची वाटी सरकणं हा टॉय जातींतला नेहमीचा दोष, आणि तो घरीच लक्षात येऊ शकतो. मादीला गुळगुळीत नसलेल्या जमिनीवर दुडकत चालू द्या आणि मागून पाहा. चालता चालता एक मागचा पाय अचानक उचलला, दोन-तीन पावलं लंगडी घातल्यासारखी टाकली, पाय मागे ताणला आणि मग काही झालंच नाही अशी पुढे गेली, तर वाटी सरकून परत जागेवर बसली असण्याची दाट शक्यता असते. पशुवैद्य याच्या चार श्रेणी करतात. पहिलीत हाताने ढकलल्यावर वाटी सरकते आणि आपोआप परत येते. दुसरीत चालताना स्वतःहून सरकते. तिसरीत बहुतेक वेळ बाहेरच असते, पण हाताने बसवता येते. चौथीत बसतच नाही. दुसऱ्या श्रेणीपासून पुढे प्रजनन नको. नरालाही हाच नियम.

यॉर्की आणि माल्टीजमध्ये यकृताला वळसा घालून रक्त नेणारी जन्मजात रक्तवाहिनी आढळते. त्यासाठी पित्ताम्लांची चाचणी असते: उपाशीपोटी एकदा रक्त घेतात, खायला देतात आणि दोन तासांनी पुन्हा घेतात. किती तास उपाशी ठेवायचं हे पशुवैद्यालाच ठरवू द्या, कारण इतक्या लहान कुत्रीची साखर लांबलेल्या उपासाने घसरते.

हृदयाचा आवाज तपासून घ्या. डोक्यावरची टाळू न भरलेली आणि जोडीला डोळे बाहेरच्या बाजूला वळलेले किंवा चाल अडखळती असेल, तर डोक्यात पाणी साठल्याची शंका घ्यावी. बदकाच्या आवाजासारखा कोरडा खोकला येत असेल, तर श्वासनलिका खचत असू शकते. नराचे दोन्ही वृषण खाली उतरलेले हवेत, आणि दोघांचीही ब्रुसेला (मेटिंगमधून पसरणारा, गर्भपात घडवणारा जंतू) चाचणी मेटिंगआधी हवी. मर्ल (फिकट रंगावर गडद डाग) रंगाच्या दोघांची जोडी लावू नका, पिल्लं बहिरी किंवा आंधळी निपजू शकतात.

चूक: गाभणपणात कॅल्शियम चालू करणं

प्रेमापोटी होणारी ही चूक फार महागात पडते. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांमधून ते काढून रक्तात आणणारी शरीराची स्वतःची यंत्रणा सुस्तावते. मग व्याल्यावर दूध वाढतं, गरज एकदम वर जाते आणि ती यंत्रणा वेळेवर जागी होत नाही. रक्तातलं कॅल्शियम कोसळतं. विण्यानंतरचे पहिले तीन-चार आठवडे हा धोका सर्वाधिक असतो, आणि लहान मादीला जास्तच. लक्षणं अशी: अस्वस्थपणा, सारखी धाप, तोंड खाजवणं, ताठ चाल, थरथर आणि शेवटी झटके, ताप. थरथर दिसली की पिल्लं तिच्यापासून बाजूला करा आणि थेट दवाखाना गाठा. शिरेतून कॅल्शियम फार सावकाश, हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून द्यावं लागतं, ते घरी जमत नाही. गाभणपणात चांगल्या प्रतीचं पिल्लांचं खाद्य थोडं थोडं करून चार-पाच वेळा दिलं की भागतं.

चूक: तारीख अंदाजाने धरणं

मादीच्या अंडाशयातून बीज सुटल्यापासून विणं सुमारे ६३ दिवसांनी होतं. मेटिंगच्या दिवसापासून मोजलं तर हाच काळ ५८ ते ७२ दिवस भरू शकतो. सिझेरियन करावं लागणार असेल, तर एवढी तफावत परवडत नाही: लवकर केलं तर पिल्लांची फुप्फुसं कच्ची, उशीर झाला तर पिल्लू मेलेलं. म्हणून माजाच्या काळातच रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तपासून बीज सुटल्याचा दिवस पक्का करावा. त्या दिवसापासून मोजून ५५ व्या दिवसानंतर एक्स-रे काढून पिल्लं मोजा आणि पिल्लाचं डोकं आणि आईची कटी यांचं माप जुळतंय का ते पाहायला सांगा. जुळत नसेल तर कळांची वाट न पाहता शस्त्रक्रियेचा दिवस ठरवावा.

५७ व्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ गुदद्वारातलं तापमान लिहून ठेवा. ते ३७.२ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की बहुधा २४ तासांत कळा सुरू होतात. न झाल्यास दवाखाना. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू नाही, पोटात पिल्लं असताना दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून जास्त खंड, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव, म्हणजे वार सुटल्याची खूण: यातलं काहीही झालं तरी थांबू नका. घरी कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन कुणाच्याही सांगण्यावरून देऊ नका. पिल्लू अडकलेलं असताना गर्भाशय जोरात आवळलं, तर ते फाटू शकतं.

आणि नको असताना मेटिंग झालंच तर

नर-मादी अडकलेले असताना ओढून सोडवू नका, दोघांनाही इजा होते. माणसांसाठीच्या गोळ्या देऊ नका. जुन्या पद्धतीची इस्ट्रोजेनची इंजेक्शनंही टाळा, त्यांनी अस्थिमज्जा दबते आणि गर्भाशयात पू होऊ शकतो. पशुवैद्याकडे त्याच आठवड्यात जा. गर्भ न टिकू देणारी सुरक्षित औषधं आहेत, आणि ती दिल्यावर मेटिंगपासून सुमारे ३० दिवसांनी सोनोग्राफी करून खात्री करून घ्यावी लागते. नसबंदी ऐन माजात न करता माज संपल्यावर दोन-तीन महिन्यांनी करावी. माजात गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि एवढ्या लहान मादीच्या रक्ताचा थेंबही वाया जाऊ द्यायचा नसतो.