सातबारा, नकाशा आणि बांध : जमिनीच्या नोंदीत या चुका टाळा

महाराष्ट्रात जमिनीचा सातबारा महसूल खाते सांभाळते आणि तिचा नकाशा भूमी अभिलेख खाते. खरेदी, वारस, वाटणी झाली की सातबाऱ्यावरची नावे बदलतात. नकाशातली रेघ मात्र कोणी मोजणी मागेपर्यंत जिथल्या तिथे राहते. बहुतेक तंटे या फटीतून उगवतात. म्हणून व्यवहाराआधी चालू सातबारा, आकारबंदाचा (गटाचे मूळ क्षेत्र आणि आकारणी सांगणारी भूमी अभिलेखाची नोंद) उतारा आणि गट नकाशा शेजारी-शेजारी ठेवा आणि तिन्ही घेऊन बांधावर जा.

बेरीज न करणे

गटाचे हिस्से पडले असतील तर प्रत्येक हिश्श्याचे क्षेत्र पोटखराब्यासकट (लागवडीला न येणारा भाग) मांडून बेरीज करा. ती आकारबंदाशी जुळलीच पाहिजे. जास्त आली तर जागेवर नसलेली जमीन कोणाच्या तरी नावावर लागली आहे. बेरीज जुळली तरी एक शंका उरते. रस्त्याला किंवा कालव्याला जमीन गेलेली असते, पण कमी-जास्त पत्रकाचा (क्षेत्रातला बदल नोंदवणारे भूमी अभिलेखाचे पत्रक) अंमल सातबाऱ्यावर आलेला नसतो. अशा वेळी घेणारा रस्त्याखालच्या जमिनीचेही पैसे मोजतो.

गुंठा आणि आर एकच धरू नका. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा १०१.१७. एक एकर, म्हणजे ४० गुंठे, हे क्षेत्र सातबाऱ्यावर ०.४०.४७ (हेक्टर, आर, चौरस मीटर) असे यायला हवे. दस्तात ०.४०.०० लिहिले की ४७ चौरस मीटर, जवळपास ५०० चौरस फूट, कागदावरून गळतात. माळरानावर ते कोणाच्या लक्षात येत नाही; गावठाणालगत तेवढ्या जागेत घर उभे राहते.

सामाईक गटातला कोपरा विकत घेणे

आमच्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. दस्तात ‘पूर्वेकडील २० गुंठे’ आणि चतुःसीमा लिहिल्या जातात, पण सातबारा भावाभावांत सामाईक असतो. घेणाऱ्याला मिळतो तो विकणाऱ्याचा अविभक्त हिस्सा. तो पूर्वेलाच आहे, हे बाकीच्या सहहिस्सेदारांवर बंधनकारक नसते.

क्रम असा ठेवा : आधी वाटप, मग पोटहिस्सा मोजणी, शेवटी विक्री. शेतजमिनीचे सहधारक महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करू शकतात. आदेशानंतर जागेवर मोजणी होऊन फाळणी नकाशा (हिश्श्यांच्या हद्दींचा नकाशा) आणि आकारफोड (क्षेत्र आणि आकारणीची हिश्श्यांनुसार विभागणी) तयार झाली पाहिजे. तिथेच बहुतेक जण थांबतात. नुसत्या आदेशावर फेरफार (सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद) धरला की सातबारे चार होतात आणि नकाशात गट एकच राहतो. पुढच्या पिढीत बांध कोरला गेला तर दाखवायला रेघच नसते. तुकडेबंदीही (ठरलेल्या क्षेत्राहून लहान तुकडे पाडायला बंदी) तपासा. २०२३ च्या अधिसूचनेने प्रमाणभूत (किमान) क्षेत्र जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे केले. त्याखालचा तुकडा पाडायचा असेल तर सध्याचा नियम तहसीलमध्ये विचारल्याशिवाय इसार देऊ नका.

उभ्या उसात मोजणी मागवणे

उभ्या पिकात दृष्टिरेषा मिळत नाही आणि जुने हद्दीचे दगड सापडत नाहीत. तोडणीनंतरची तारीख धरा. लगतधारकांपैकी कोणी मयत असेल तर त्याच्या वारसांची नावे अर्जात घाला. नोटीस मयताच्या नावाने गेली की शेजारी मोजणीलाच हरकत घेतात. खुणा दाखवल्या की त्याच दिवशी दगड रोवा.

मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हातात आली की अभिलेखाची हद्द आणि वहिवाटीची हद्द वेगळ्या दाखवल्या आहेत का, ते पाहा. मोजणी मान्य नसेल तर तीच साधी मोजणी पुन्हा मागू नका. निमताना मोजणीचा (वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी) अर्ज करा; त्यावरही समाधान झाले नाही तर सुपर निमताना, म्हणजे त्याहून वरच्या अधिकाऱ्याकडून. अतिक्रमण निघाले तरी मोजणीने ताबा मिळत नाही, त्यासाठी बहुधा दिवाणी दावा करावा लागतो.

नोटिशीकडे दुर्लक्ष, मग कलम १५५

फेरफाराची नोटीस आली की हरकतीला १५ दिवस असतात. हरकत लेखी द्या, पोच घ्या. मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केल्यावर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करता येते. ती मुदत घालवून अनेक जण जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली दुरुस्ती मागतात. ते कलम लेखनप्रमादासाठी आहे : संगणकीकरणात नाव सुटले, आकडा चुकला, हस्तलिखित सातबारा वेगळे सांगतो. हक्काचा वाद त्यात बसत नाही. आणि नोंद झाली म्हणून मालकी सिद्ध होत नाही. ती दस्त आणि वारसा यांवरच ठरते.

झोन शेवटी पाहणे

सातबारा स्वच्छ असला तरी जमीन आरक्षणात, म्हणजे विकास आराखड्यात सार्वजनिक कामासाठी राखलेली, असू शकते. इसाराआधी नगररचना कार्यालयातून त्या गटाचा झोन दाखला (जमीन शेती, रहिवास अशा कोणत्या वापराच्या पट्ट्यात आहे ते सांगणारा) आणि भाग नकाशा घ्या. दलालाने मोबाइलवर दाखवलेल्या नकाशावर विसंबू नका. विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले की हरकतीला ३० दिवस मिळतात. हरकतीत गट क्रमांक लिहा आणि सातबारा, मोजणीची प्रत जोडा, म्हणजे सुनावणीत नेमकी जागा दाखवता येते. आराखडा अमलात येऊन १० वर्षे झाली आणि आरक्षित जमीन घेतलीच नाही, तर मालक महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ खाली खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. सूचनेसोबत हक्काचे कागद जोडायला विसरू नका. ती परत येते ती बहुधा त्यांच्याच अभावी.