गुटी कलम फसतंय? साल काढून थांबू नका

पेरू किंवा डाळिंबाला गुटी बांधली (म्हणजे फांदी झाडावर असतानाच, तिची साल काढून तिला मुळं फोडायची पद्धत), दोन महिन्यांनी सोडून बघितलं, तर मुळं नाहीतच. उलट काढलेली साल पुन्हा जुळून आलेली. नाशिकच्या गच्चीवर माझ्या अशा दोन गुट्या वाया गेल्या. चूक साल काढण्यात नव्हती, त्यानंतर होती.

१. पावसाळ्यात, पेन्सिलीएवढी जाड, निरोगी फांदी निवडा. धारदार चाकूने दोन गोल काप घेऊन मधली अडीच सेंटिमीटर साल सोलून काढा.

२. खरी युक्ती इथे आहे. सालीखालच्या पांढऱ्या लाकडावर बुळबुळीत थर लागतो. तो एधा, म्हणजे नवी साल तयार करणारा थर. चाकूच्या पाठीने तो चारही बाजूंनी खरवडा आणि कोरड्या फडक्याने पुसा. बोट फिरवल्यावर निसटलं तर अजून खरवडायचं बाकी आहे. एवढीशी पट्टी राहिली तरी साल तिथूनच जुळते.

३. भिजवून घट्ट पिळलेलं मॉस (एक प्रकारचं शेवाळ, नर्सरीत मिळतं) गुंडाळा, वर प्लॅस्टिक लावून दोन्ही टोकं बांधा. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून खाली जाताना इथे अडतं, म्हणून मुळं वरच्या कापाशी फुटतात; तिथे मॉस जास्त हवं. आपल्याकडचे द्राक्षबागायतदार मणी फुगवायला गर्डलिंग करतात, म्हणजे वेलीची गोल पट्टीभर साल काढतात, तेही ह्याच तत्त्वावर. फक्त त्यांची पट्टी बारीक असते, कारण त्यांना साल परत जुळायला हवी असते.

मुळं प्लॅस्टिकमधून दिसली की खालून कापून कुंडीत लावा.

एक जपा: खरवडताना लाकडात खोल जाऊ नका. पाणी तिथूनच वर चढतं. ते तुटलं तर फांदी वाळलीच.