फाइल शोधण्यासाठी ‘एव्हरीथिंग’
विंडोजवर रोज काम करणाऱ्यांनी व्हॉइडटूल्सचे ‘एव्हरीथिंग’ हे छोटे, मोफत सॉफ्टवेअर अवश्य वापरून पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. ते एकेक फोल्डर धुंडाळत बसत नाही. एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फाइली मांडण्याची नेहमीची पद्धत) असलेल्या डिस्कवर सर्व फाइलींची नोंद ज्या मुख्य तक्त्यात असते, तो तक्ताच ते थेट वाचते आणि पुढचे बदल डिस्कच्या बदल-नोंदींतून टिपत राहते, त्यामुळे नावातील दोन-तीन अक्षरे टंकताच यादी समोर येते. देवनागरीत नाव दिलेल्या फाइली देवनागरीतच शोधता येतात, ही मला त्यातली सर्वांत मोलाची सोय वाटते. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा सोडल्यास दोन्ही शब्द असलेली नावे मिळतात, मध्ये उभी रेघ (|) दिल्यास कोणताही एक शब्द पुरतो, आणि शब्दाआधी उद्गारचिन्ह लावल्यास तो शब्द असलेली नावे वगळली जातात, म्हणजे ‘अहवाल !मसुदा’ असे (मध्ये मोकळी जागा सोडून) लिहिले की कच्चे खर्डे बाजूला पडून अंतिम अहवाल तेवढे उरतात. हा शोध मुळात फाइलींच्या नावांवर चालतो, आतील मजकुरावर नव्हे. म्हणून स्कॅन केलेल्या कागदांना आपोआप मिळालेली आकड्यांची नावे साठवतानाच बदलून घ्यावीत.