खुब्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनआधी या चुका टाळा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. खुब्याचं ऑपरेशन उरकून लोक माझ्याकडे येतात, तेव्हा दरवेळी वाटतं की हे बोलणं दोन महिने आधी व्हायला हवं होतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे 'गुडघ्याची दुर्बीण करणारे डॉक्टर खुब्याचीही करतील' असं धरून चालणं. गुडघा वरवर असतो. खुब्याचा बॉल मात्र वाटीत खोल रुतलेला, आत शिरायला जागाच नाही. म्हणून ट्रॅक्शन टेबलवर पाय ओढून सांधा जेमतेम सेंटिमीटरभर उघडतात आणि सी-आर्मच्या, म्हणजे ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर बघत सुई घालतात. मग वाटीच्या कडेची फाटलेली रिंग, म्हणजे लॅब्रम, शिवायची आणि बॉलच्या मानेजवळ वाढलेलं हाडाचं टेंगूळ, ज्याला कॅम म्हणतात, ते घासून काढायचं. हे दुसरं काम अर्धवट राहिलं की पहिलं टिकत नाही.

पोलीस भरतीची तयारी करणारा एक मुलगा आला होता. सोळाशे मीटर पळताना जांघेत कळ यायची. ओळखीतून तो गुडघ्यासाठी नावाजलेल्या डॉक्टरांकडे गेला. टाके सुंदर भरले होते, चार महिने उलटले होते, पण दुखणं तसंच. त्याला उताणं झोपवून गुडघा छातीकडे आणला, पाय जरा आत वळवला, तर त्यानं टेबलाची कड घट्ट धरली. ऑपरेशनआधीचा आणि नंतरचा एक्स-रे मी खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरले. टेंगूळ जसंच्या तसं! ज्या हाडानं लॅब्रम फाडलं, ते तिथेच होतं. त्याला दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागलं आणि त्या वर्षीची भरती हुकली. त्याच्या वडिलांचा चेहरा मला अजून आठवतो.

तेव्हापासून मी प्रत्येकाला कागदावर प्रश्न लिहून देते. वर्षाला खुब्याच्या दुर्बिणी किती करता? माझ्या एक्स-रेवर कॅम कुठे आहे, दाखवाल का? वाटी उथळ तर नाही ना? ऑपरेशननंतर एक्स-रे काढणार का? 'डॉक्टर रागावतील' म्हणून लोक हा कागद खिशातच ठेवतात. माझ्या अनुभवात ज्यांचा हात बसलेला आहे, ते हे प्रश्न ऐकून खूश होतात.

एमआरआयवर 'लॅब्रल टेअर' वाचलं की लगेच तारीख घ्यायची, हीही घाईच. २०१२ साली अमेरिकेत खुब्याचा काहीही त्रास नसलेल्या ४५ जणांचे एमआरआय काढले, तर ६९ टक्के लोकांचं लॅब्रम फाटलेलं निघालं. दुखणं सांध्यातलंच आहे का, की कंबरेतून येतंय, हे ठरवायला सांध्यात भूल देणारं इंजेक्शन देऊन बघतात. ते न करता घाई करू नका.

एमआरआय आहे म्हणून साधा एक्स-रे टाळू नका. सांध्यातली फट दोन मिलिमीटरहून कमी उरली असेल तर दुर्बिणीचा फारसा उपयोग होत नाही. वाटी उथळ असेल तर नुसत्या दुर्बिणीनं त्रास वाढूही शकतो.

पाय ओढल्यामुळे काही दिवस जांघेत आणि गुप्तांगाजवळ बधिरपणा येऊ शकतो. हे आधीच विचारून ठेवा, म्हणजे रात्री दोन वाजता घाबरायला होणार नाही.

आणि कुबड्या. भोकं छोटी, म्हणून दहाव्या दिवशी कुबड्या कोपऱ्यात! आत हाड घासलेलं असतं, ती मान काही आठवडे कमकुवत असते आणि भार पडून मोडू शकते. सर्जननं सांगितलेले आठवडे पूर्ण करा. ऑपरेशनआधीच घरात कमोड किंवा कमोडची खुर्ची आणून ठेवा. उकिडवं बसणं, मांडी घालणं, देवघरासमोर खाली बसणं, सगळं बंद. एका काकूंनी सत्यनारायणाच्या पूजेला 'पाचच मिनिटं' म्हणून मांडी घातली आणि आमचे तीन आठवड्यांचे व्यायाम पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागले.